थायरॉईडची गोळी वर्षानुवर्षं तीच? आईच्या छातीतल्या फडफडीवरून लिहितोय

मांजराकाठ | २२ जून, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहायचं होतं, आज बसलो.

आमचं गाव केज तालुक्यात. आई ६९ वर्षांची. दहा वर्षांपूर्वी अंग सुजायला लागलं, आवाज घोगरा झाला, भर उन्हाळ्यात शाल घेऊन बसायची. अंबाजोगाईला तपासलं तर टीएसएच (थायरॉईडच्या रक्ततपासणीतला आकडा, साधारण ४ पर्यंत ठीक) ४२. गोळी सुरू झाली, थोडी थोडी वाढवत १२५ मायक्रोग्रॅमवर आली, आणि चार महिन्यांत आई पुन्हा रानात जायला लागली. गावातल्या भजनी मंडळात ती टाळ धरते, तेही परत सुरू झालं. तेव्हा तिचं वजन ७१ किलो होतं.

पुढची नऊ वर्षं घरात गोळीचा विषय निघाला नाही. बाटली संपत आली की धाकटा भाऊ रिकामी बाटली मेडिकलवर दाखवायचा आणि तशीच दुसरी आणायचा. मधल्या काळात वडील गेले, आईचं जेवण कमी झालं, वजन उतरत ५५ वर आलं. शुगर नाही, बीपी नाही, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. गोळी मात्र ७१ किलोच्या बाईचीच चालू होती, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

यंदा वैशाखात फोनवर म्हणाली, "पोरा, छातीत पाखरू फडफडायलंय बघ." मी म्हणालो ऊन लागलं असेल, ताक पी. मग झोप जायला लागली, चहा गाळताना हात थरथरायला लागला. रेणापूरला एका लग्नात मांडवापर्यंत चालत जाताना तीनदा थांबली. भजनातून एक दिवस लवकर उठून आली आणि भावाला म्हणाली, "टाळ बरोबर पडतोय, पण आतला ताल सुटायलाय." हे वाक्य ऐकून भावाने दुसऱ्या दिवशी लातूर गाठलं.

नाडी मिनिटाला १३८, तीही वेडीवाकडी. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन. म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत होते. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न: "थायरॉईडची गोळी कितीची चालू आहे? शेवटचा टीएसएच कधी केला?" फाईलमधला शेवटचा रिपोर्ट सहा वर्षांपूर्वीचा. नवा आला ०.०२.

तिथल्या डॉक्टरांनी आईला जे सांगितलं ते तिला जन्मभर पुरेल, म्हणून तसंच लिहितो. "आजी, हौद रिकामा झाला की मालक गड्याला हाका मारतो, पाणी सोड म्हणून. गडी म्हणजे गळ्यातली थायरॉईड ग्रंथी, पाणी म्हणजे तिचं हार्मोन, आणि त्या हाका म्हणजे टीएसएच. हौद भरला की मालक गप्प बसतो. तुमचा हौद भरून वाहून चाललाय, म्हणून मालकाचा आवाजच येईना." आम्ही इतकी वर्षं टीएसएच कमी म्हणजे थायरॉईड कमी असं उलटं समजत होतो. तो आकडा कमी दिसला म्हणून कुणी गोळी वाढवली असती तर काय झालं असतं, या विचाराने रात्री झोप लागत नाही.

आता गोळी १०० करून मग ७५ वर आणली आहे. ठोके आवरायला एक गोळी, रक्त पातळ राहायला एक गोळी. इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाचा डावा वरचा कप्पा थोडा मोठा झालाय, बाकी ठीक.

इथे डॉक्टर मंडळी आहेत, म्हणून विचारतो. ठोके पूर्वीसारखे होतात का? आणि गोळी जास्त झाल्याने हृदयावर हे येतं, तर कमी पडल्यानेही येतं का? कारण आता घरात सगळे म्हणायलेत की गोळी जितकी कमी तितकं बरं.

---

उदगीरचा_एमडी | २२ जून, रात्री ११.१५

मांजराकाठ, तुमच्या आईला "आतला ताल सुटायलाय" हे कळलं आणि तिने ते सांगितलं, याचं मोल फार आहे. अनेक वयस्कर रुग्णांत गोळी जास्त झाल्याची ठरलेली लक्षणं दिसतच नाहीत. घाम नाही, चिडचिड नाही. नुसतं वजन उतरतं, थकवा येतो, आणि घरचे म्हणतात वय झालं. काही वेळा एट्रियल फिब्रिलेशन हीच पहिली खूण असते, आणि दुर्दैवाने कधी कधी ती लकवा मारल्यावर कळते. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळतं, गुठळी मेंदूकडे जाते. रक्त पातळ ठेवायची गोळी त्यासाठी आहे. बरं वाटलं म्हणून ती परस्पर सोडू नका.

ठोक्यांबद्दल: हार्मोनची पातळी जागेवर आली की अनेकांचे ठोके आपोआप सुरळीत होतात, बहुतेकदा पहिल्या चार महिन्यांत. आजार किती जुना, वरचा कप्पा किती ताणलेला, यावर ते अवलंबून असतं. धीर धरा. टीएसएच लगेच वर आला नाही तरी घाबरू नका, फार दिवस दबलेला टीएसएच उठायला वेळ घेतो. टी-फोर, म्हणजे रक्तातलं थायरॉईडचं हार्मोन, आधी सुधारतो.

तुमचा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. थायरॉईडचं हार्मोन थेट हृदयाच्या पेशीत शिरतं आणि ठोका किती वेगाने, किती जोराने पडेल, दोन ठोक्यांमध्ये स्नायू किती सैल होईल, हे ठरवतं. रक्तवाहिन्या सैल ठेवण्यातही त्याचा हात असतो. ते जास्त झालं तर हृदय झोपेतसुद्धा धावत राहतं. कमी पडलं तर ठोके मंदावतात, वाहिन्या आवळतात, बीपीचा खालचा आकडा चढतो, आणि वाईट कोलेस्टेरॉल उचलून नेण्याचं यकृताचं काम ढिलं पडतं. दोन्ही बाजूंनी हृदयालाच भोगावं लागतं.

जुना पुरावा अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावचा, १९९४ सालचा. साठीपुढच्या २,००७ लोकांवर दहा वर्षं लक्ष ठेवलं. टीएसएच ०.१ किंवा त्याखाली असलेल्यांत शंभरातल्या २८ जणांना एट्रियल फिब्रिलेशन झालं, नॉर्मल टीएसएच असलेल्यांत ११ जणांना. नवा पुरावा २०२२ चा. तिथल्या माजी सैनिकांच्या दवाखान्यांतले, थायरॉईडची गोळी घेणारे सात लाखांहून जास्त लोक, २००४ ते २०१७ या काळातले. टीएसएच ०.१ च्या खाली असलेल्यांत हृदयविकाराने आणि लकव्याने मरण्याचं प्रमाण जास्त निघालं. आणि टीएसएच २० च्या वर असलेल्यांत ते त्याहूनही जास्त निघालं. हे नीट वाचा, कारण "जितकी कमी तितकं बरं" याला उत्तर इथेच आहे. अर्थात हा नोंदींवरून काढलेला अभ्यास आहे, त्यात बहुतेक पुरुष होते, आणि पातळी बिघडली म्हणूनच माणूस गेला असं त्यावरून शपथेवर सांगता येत नाही. पण पातळी हातात ठेवण्यासारखी गोष्ट आहे. वय आणि आनुवंशिकता हातात नसते.

---

गंगाखेडची_लेक | २३ जून, सकाळी ७.०५

उलट बाजूचा अनुभव माझ्या सासूबाईंचा आहे, म्हणून लिहिते.

त्यांना १०० ची गोळी होती. कुणीतरी सांगितलं की जन्मभर गोळी खाऊन हाडं पोकळ होतात, त्यापेक्षा हा काढा घ्या. त्यांनी आम्हाला न सांगता गोळी सोडली. बाटली फळीवर दिसायची, रोज सकाळी पाणी प्यायच्या, आम्हाला वाटायचं घेतायत. सात-आठ महिन्यांनी चेहरा सुजला, बोलणं जड झालं, दोन पावलं चालल्या की दम. परभणीला नेलं. नाडी ५० च्या आसपास. टीएसएच ६८, कोलेस्टेरॉल २९४. छातीच्या फोटोत हृदय एवढं मोठं दिसलं की आमचे पाय लटपटले. इको केल्यावर कळलं, हृदय मोठं झालेलं नाही, त्याच्या भोवतीच्या पिशवीत पाणी साठलंय. थायरॉईड फार कमी झाल्यावर असं होतं म्हणे.

मला वाटलं आता एकदम मोठी गोळी देतील. पण डॉक्टरांनी २५ पासून सुरुवात केली. म्हणाले, "एवढे महिने हळू चाललेल्या हृदयाला एकदम पळवायचं नाही. आत ब्लॉकेज असेल तर ते झेपणार नाही." दर सहा आठवड्यांनी रक्त तपासून थोडी थोडी वाढवली. पाणी आपोआप ओसरलं, सुई घालावी लागली नाही. पाच महिन्यांनी कोलेस्टेरॉलही उतरलं, त्याची वेगळी गोळी न देता.

सासूबाई आता रोज माझ्यासमोर गोळी घेतात. मी रागवत नाही, त्याही लपवत नाहीत.

---

करडई | २३ जून, सकाळी १०.३०

धागा वाचून छाती दडपली. माझ्या घरचीला वर्षभरापासून ५० ची गोळी आहे. तिलाही कधीमधी धडधड होते. जास्त झालं तरी मरण, कमी झालं तरी मरण, मग हे विकतचं दुखणं घ्यायचंच कशाला? उद्यापासून बंद करतो.

---

गंगाखेडची_लेक | २३ जून, सकाळी १०.४२

करडई भाऊ, हात जोडून सांगते, असं करू नका. माझ्या सासूबाईंनी हेच केलं होतं. वर वाचा परत.

---

उदगीरचा_एमडी | २३ जून, दुपारी २.१०

करडई, बंद करू नका. वहिनींचा टीएसएच आणि फ्री टी-फोर करून घ्या. सोबत हिमोग्लोबिनही बघा, आपल्याकडच्या बायकांत धडधडीचं कारण पुष्कळदा रक्त कमी असणं हेच निघतं. ईसीजी काढा. मग जे करायचं ते डॉक्टरांसमोर बसून करा. या गोळीचा अंश शरीरात हळूहळू ओसरतो, निम्मा व्हायलाच आठवडा लागतो. म्हणून बंद केल्यावर दोन-तीन आठवडे काहीच वाटत नाही आणि माणूस म्हणतो, बघा, गोळीवाचून चाललं की. तिथेच फसगत होते.

याच कारणाने गोळी बदलल्यावर तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करतात. पंधरा दिवसांनी केलेल्या रिपोर्टवर निर्णय घेऊ नये. एकदा बसली की निदान वर्षातून एकदा. वजन बरंच बदललं, नवं औषध सुरू झालं, बाई गरोदर राहिली, किंवा धडधड, दम, सूज असं काही दिसलं, तर वर्षाची वाट न पाहता.

टीएसएच किती हवा, हेही वयाप्रमाणे बदलतं. तरुण माणसाला साधारण ०.४ ते ४ मध्ये ठेवतो. सत्तरीपुढे ४ ते ६ पर्यंत राहिला तरी चालतो, असं अमेरिकन थायरॉईड असोसिएशनच्या २०१४ च्या मार्गदर्शनात आहे. वयाबरोबर टीएसएच थोडा चढतोच. ७५ वर्षांच्या आजोबांचा ६ आला म्हणून लगेच गोळी सुरू करायची घाई नको. २०१७ मध्ये युरोपात ६५ वर्षांपुढच्या ७३७ लोकांवर प्रयोग झाला होता. टीएसएच किंचित वाढलेल्या निम्म्यांना खरी गोळी दिली, निम्म्यांना बिनऔषधाची. वर्षाने बघितलं तर थकव्यात आणि लक्षणांत फरक नाही. टीएसएच १० च्या पुढे गेला की गोष्ट वेगळी, तिथे हृदयाचा धोका वाढतो हे पुष्कळ अभ्यासांतून दिसलंय आणि आम्ही सहसा उपचार करतो.

---

औषधवाला_नांदेड | २३ जून, रात्री ९.२०

मी वीस वर्षं काउंटरवर आहे. मांजराकाठ यांनी लिहिलेली रिकामी बाटली मी रोज बघतो. लोक बाटली दाखवतात, आम्ही तशीच दुसरी देतो. हे वाचून मला आतून टोचलं, खोटं कशाला सांगू. आजपासून बाटलीवर मार्करने महिना लिहून द्यायचं ठरवलंय आणि विचारायचं, "रक्त कधी तपासलं?" शंभर-सव्वाशे गोळ्यांची बाटली म्हणजे तीन-चार महिने. तीन बाटल्या झाल्या की तपासणीची वेळ झाली, एवढा हिशोब गिऱ्हाईकालाही लक्षात राहतो.

गोळी तीच असून पातळी का बदलते, यावर काही गोष्टी मला रोज दिसतात.

पहिली, ऊन. आपल्याकडे मे महिन्यात ४३-४४ तापमान, पत्र्याच्या घरात त्याहून जास्त. ही गोळी उष्णता, उजेड आणि ओल तिन्हीला नाजूक असते. चुलीजवळच्या फळीवर, खिडकीत, मोटारसायकलच्या डिकीत बाटली ठेवली तर गोळीचा गुण उतरतो. मग टीएसएच चढतो, डॉक्टर पॉवर वाढवतात, पावसाळ्यात ताजी बाटली आली की तीच पॉवर जास्त होते. घरातलं सगळ्यात गार आणि कोरडं कपाट निवडा. गोळ्या काढून दुसऱ्या डबीत भरू नका.

दुसरी, चहा. आपल्याकडे दात घासायच्या आधी चहा लागतो. गोळी चहाच्या घोटाबरोबर घेणारे शेकड्याने बघितलेत. ती कोऱ्या पाण्याबरोबर घ्यायची, त्यानंतर अर्धा ते एक तास चहा, दूध, खाणं काही नाही.

तिसरी, कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या आणि पित्ताची पातळ औषधं. ही थायरॉईडच्या गोळीला पोटातच धरून ठेवतात. चार तासांचं अंतर हवंच. घरात सून गरोदर असली की लोह-कॅल्शियम आणि थायरॉईड तिन्ही गोळ्या एका मुठीत घेताना दिसते. ते आधी थांबवा.

चौथी, कंपनी. एका कंपनीची बसलेली असेल तर तीच घ्या. स्टॉक नाही म्हणून आम्ही दुसरी दिली तर दोन महिन्यांनी टीएसएच बघून घ्या.

---

सेलूकर | २४ जून, सकाळी ६.४०

औषधवाला दादा, सोयाबीनचं काय? आमच्याकडे घरचं सोयाबीन पिकतं. मुलांची ताकद वाढावी म्हणून मंडळी दळणात मिसळते आणि सकाळी त्याच पिठाची भाकरी असते. वहिनीची गोळी ७५ वरून १०० झाली तरी टीएसएच उतरेना.

---

औषधवाला_नांदेड | २४ जून, सकाळी ८.१५

बरोबर पकडलंत. सोयाबीन गोळी शोषू देत नाही. खायला बंदी नाही, पण सकाळी गोळीच्या पाठोपाठ नको. वहिनींना गोळी घेऊन तासाभराने सुशीला (चुरमुऱ्यांचा नाश्ता) किंवा साधी ज्वारीची भाकरी द्या, सोयाबीनचं पीठ दुपारच्या-रात्रीच्या दळणात घाला. आणि डॉक्टरांना सांगून करा. शोषण सुधारलं की १०० ची गोळी जास्त होऊ शकते. धडधड झाली तर थांबू नका.

---

कंधारवाला | २४ जून, दुपारी १२.५०

डॉक्टरसाहेब, अम्मीला थायरॉईड आहे, वय ६२. रमजानमध्ये तिची फार ओढाताण होते. सहरीच्या वेळी गोळी घेऊन लगेच खाल्लं तर उपयोग नाही, आणि तासभर थांबायला वेळ नसतो. गेल्या रमजाननंतर टीएसएच ११ निघाला होता. ती रोजा सोडणार नाही.

---

उदगीरचा_एमडी | २४ जून, रात्री १०.३०

कंधारवाले, अम्मींना रोजा सोडायची गरज नाही. ही गोळी रात्री झोपतानाही चालते, फक्त शेवटच्या खाण्यानंतर तीन तास गेलेले हवेत. इफ्तार हलकी ठेवून तरावीहनंतर (रमजानमधल्या रात्रीच्या नमाजनंतर) जेवायची सवय असेल तर ते अंतर मिळत नाही. त्या दिवसांत जेवण इफ्तारलाच उरकून झोपताना गोळी घेता येते का बघा. नाहीतर सहरीसाठी उठल्याबरोबर, तोंडही न धुता, आधी गोळी आणि पाणी, मग स्वयंपाकाला लागायचं. जेवायला बसेपर्यंत अर्धा तास निघून जातो. रमजानच्या आधी आणि नंतर, दोनदा टीएसएच करा.

हेच नवरात्रातल्या आणि श्रावणातल्या उपासांना लागू आहे. कडक उपासातही पाण्याबरोबर ही गोळी घ्यावी. "उपासाला औषध नको" म्हणून सोडू नये.

---

हिमायतबाग | २५ जून, रात्री ८.०५

मी संभाजीनगरची. तीन वर्षांपूर्वी थायरॉईडचा कॅन्सर निघाला, ग्रंथी काढली. मला डॉक्टरांनी मुद्दाम जास्त गोळी ठेवलीय, माझा टीएसएच ०.०८ आहे. हा धागा वाचल्यापासून रोज छातीवर हात ठेवून बसते. मी गोळी कमी करू का?

---

उदगीरचा_एमडी | २५ जून, रात्री ८.४०

ताई, स्वतःहून अजिबात नाही. बरं झालं विचारलंत, कारण वर लिहिलेलं तुम्हाला तसंच्या तसं लागू होत नाही. काही थायरॉईड कॅन्सरच्या पेशींना टीएसएचच्या हाकेने जोर मिळतो, म्हणून तो आवाज मुद्दाम दाबून ठेवतात. मात्र किती दाबायचा आणि किती वर्षं, हे कायमचं ठरलेलं नसतं. ऑपरेशननंतरच्या तपासण्या स्वच्छ येत राहिल्या की बऱ्याच जणांत लगाम सैल करतात. पुढच्या भेटीत एवढंच विचारा: "माझा धोका आता कोणत्या गटात आहे, आणि टीएसएच अजून एवढा खाली हवा का?" सोबत ईसीजी, आणि पाळी गेली असेल तर हाडांची घनता. त्यांनी कॅन्सर आणि हृदय दोन्ही तोलून सांगितलेला आकडा हाच तुमचा आकडा.

एक जोड सगळ्यांसाठी. ठोक्यांच्या आजारावर अमिओडॅरोन नावाची गोळी देतात. तिच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त आयोडीनच असतं. तिच्यामुळे थायरॉईड वरही जाऊ शकतं आणि खालीही. घरात कुणाला ती चालू असेल तर दर सहा महिन्यांनी टीएसएच बघा.

---

मोंढ्यावरचा | २६ जून, सकाळी ११.००

आमच्या जिममध्ये दोन पोरं वजन उतरवायला ही गोळी घेतात. थायरॉईड नॉर्मल आहे दोघांचं. बायकांच्या व्हॉट्सअॅप गटातही असा सल्ला फिरताना बघितलाय.

---

उदगीरचा_एमडी | २६ जून, दुपारी ३.२५

त्यांना हा धागा दाखवा. अमेरिकेत या औषधाच्या माहितीपत्रकावर चौकटीत ठळक इशारा छापावा लागतो की हे लठ्ठपणासाठी किंवा वजन उतरवण्यासाठी वापरू नये. नेहमीच्या मात्रेत वजन उतरत नाही, आणि उतरेल एवढी मात्रा जिवावर बेतू शकते. उतरतं त्यात चरबीबरोबर स्नायूही जातो, आणि हृदय हाही स्नायूच आहे. पंचविशीतल्या मुलाला एट्रियल फिब्रिलेशनमध्ये घेऊन येणाऱ्या बापाचा चेहरा मी पाहिलाय.

---

जुनी_पोथी | २७ जून, रात्री १०.१०

मी डॉक्टर नाही, शिक्षक होतो, औषधांच्या इतिहासाची आवड आहे. करडई भाऊ "विकतचं दुखणं" म्हणाले, म्हणून लिहावंसं वाटलं.

१८९१ मध्ये इंग्लंडात न्यूकॅसलला जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरने मेंढीच्या थायरॉईड ग्रंथीचा अर्क एका ४६ वर्षांच्या बाईला टोचला. तोवर या आजाराला उपाय नव्हता, माणूस सुजत, थंड पडत, मंदावत जायचा. ती बाई उठून बसली आणि पुढे २८ वर्षं जगली, ७४ व्या वर्षी गेली. तेवढ्या काळात तिला ८७० हून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या, असा हिशोब मरेने नंतर मांडला. अर्क दर वेळी कमी-जास्त ताकदीचा. १९१४ च्या नाताळच्या दिवशी एडवर्ड केंडॉलने अमेरिकेत शुद्ध थायरॉक्सिन वेगळं केलं, आणि १९२७ मध्ये ते प्रयोगशाळेत बनवता आलं.

मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. एवढं मोजून देता यायला माणसाला किती वर्षं लागली! आणि आपण ती मोजलेली गोळी न मोजता घेतो, हे मला या धाग्यामुळे पहिल्यांदा जाणवलं. माझी स्वतःची ७५ ची आहे. उद्या रक्त देतोय.

---

करडई | १९ जुलै, रात्री ९.००

गोळी बंद केली नाही. तपासणी झाली. टीएसएच २.९, म्हणजे गोळी बरोबर आहे. हिमोग्लोबिन ८.२ निघालं. लोहाची गोळी सुरू केलीय, दुपारच्या जेवणानंतर, थायरॉईडपासून लांब. गंगाखेडच्या ताई, तुम्ही त्या दिवशी लगेच लिहिलंत, आभारी आहे.

---

मांजराकाठ | ३ नोव्हेंबर, रात्री ८.३०

उशिरा लिहितोय, सोयाबीनच्या राशीत अडकलो होतो.

आईचा ऑगस्टचा टीएसएच ०.३ होता, गेल्या आठवड्यातला २.४. गोळी ७५ वरच. ईसीजीत ठोके सरळ. २४ तास ठोके नोंदणारी पट्टी लावून पाहिली, त्यातही फिब्रिलेशन दिसलं नाही. ठोक्यांची गोळी कमी केलीय. रक्त पातळ ठेवायची मात्र डॉक्टरांनी बंद केली नाही, वय बघता चालू ठेवू म्हणाले, आम्हीही आग्रह धरला नाही. वजन ५८ झालंय. बाटली आता देवघराखालच्या कपाटात असते, वर भावाने तारीख लिहून ठेवलीय.

लातूरच्या डॉक्टरांनी आईला नाडी बघायला शिकवलं. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर तीन बोटं, दाबायचं नाही, नुसतं ठेवायचं, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण ताल कुठे सुटतो ते एवढ्यात कळत नाही. आईला हे दोन दिवसांत जमलं. टाळकऱ्याचा हात आहे. आता एकादशीला भजन संपलं की मंडळातल्या बायका तिच्यापुढे हात करतात.

काल तिचा फोन आला. एका काकूंची नाडी तिला बरोबर लागली नाही. "येक ठोका येतो, मग दोन पळत येतात, मग थांबतंय." त्यांना थायरॉईडची गोळी आहे, १०० ची, किती वर्षांपासून ते त्यांना आठवत नाही. सकाळी साडेसातच्या गाडीने भाऊ दोघींना अंबाजोगाईला घेऊन जातोय. डॉक्टर, आधी काय करायला सांगू?

---

उदगीरचा_एमडी | ३ नोव्हेंबर, रात्री ८.५५

ईसीजी पहिला, नाडी वेडीवाकडी लागतेय तोवरच. मग टीएसएच, फ्री टी-फोर, हिमोग्लोबिन. सकाळची गोळी रक्त दिल्यावर घ्या म्हणावं. केसांसाठी बायोटिनची गोळी घेत असतील तर तसं लॅबमध्ये सांगा, तिने रिपोर्ट चुकतो. छातीत दुखणं, चक्कर, बोलण्यात अडखळणं यातलं काही असेल तर सकाळची वाट पाहू नका, आत्ताच निघा. गोळीची बाटली सोबत.

---

मांजराकाठ | ३ नोव्हेंबर, रात्री ९.२०

विचारलं. दुखणं नाही, चक्कर नाही, बोलणं स्वच्छ. बाटली आईने तिच्या पिशवीत टाकलीय. आज रात्री ती काकूंकडेच झोपणार आहे.